टायरची आंतली कड

मोठ्या कुटुंबांत वस्तूंची वेळच्या वेळीं पाहणी करण्याची रीत अजून पुष्कळ ठिकाणीं टिकून आहे. मृगापूर्वीं गच्चीच्या भेगा बुजविल्या जातात, वर्षाचा गहूं निवडून उन्हांत घातला जातो, पितळेचीं भांडीं कल्हईस जातात. दारांतली मोटार मात्र धुतली जाते, तिच्या कांचा लखलखीत पुसल्या जातात, आणि पाहणी तेथेंच संपते. त्यांतून गाडी एकत्र कुटुंबाची असली, म्हणजे ती चालविणारे तिघे आणि तिच्याकडे पाहणारा कोणीच नाहीं, असा प्रकार होतो. वाचकांनीं क्षणभर एवढेंच ध्यानांत आणावें कीं, तेरा-चौदाशें किलो वजनाची गाडी, तींत बसलेलीं पांच माणसें आणि त्यांचें सामान हें सर्व ओझें जमिनीला टेकतें तें केवळ चार ठिकाणीं, आणि त्यांतील प्रत्येक जागा सुमारें एका तळहाताएवढी असते. वळणें, थांबणें, ओल्या रस्त्यावर न घसरणें, हें सारें त्या चार तळहातांच्या भरंवशावर चालतें. त्या तळहातांची एक कड अशी आहे कीं, तिकडे सहसा कोणाची दृष्टि जात नाहीं. या वेळीं आम्ही तिच्याविषयीं लिहिणार आहों.

निमित्त आमच्या घरांतलेंच आहे. आमच्या जिल्ह्यांत शेंद्रा येथें स्कोडा या चेक कंपनीचा कारखाना २००१ सालीं सुरू झाला आणि ऑक्टाव्हिया नांवाची गाडी तेथें जुळविली जाऊं लागली. त्याच गाडीची ‘आरएस’ नांवाची तेज आवृत्ति २००४ सालीं भारतांत विक्रीस आली. दिसावयास ती चार दारांची घरंदाज गाडी, परंतु १.८ लिटरच्या इंजिनाला टर्बोची जोड देऊन तिची शक्ति १५० अश्वशक्तींवर नेलेली. गृहस्थाच्या देहांत शर्यतीचें काळीज बसविल्यासारखा हा प्रकार होता, आणि तरुण मंडळींस तो मोहवी. अशा गाड्या जुन्या बाजारांत शोधून, त्यांची डागडुजी करून त्या हौसेनें वापरणारे लोक आजही आहेत. आमचा एक भाचा त्यांपैकींच होय. त्यानें घेतलेल्या गाडीच्या पहिल्या मालकानें मूळच्या स्प्रिंगा काढून आंखूड स्प्रिंगा घातल्या होत्या, त्यामुळें गाडी सुमारें चार सेंटिमीटर खालीं बसली होती. खालीं बसलेली गाडी वळणावर कमी कलते, हें खरें. ती ऐटबाजही दिसते, आणि आमच्या मतें बहुतेकांचें खरें कारण तेंच असतें.

नाथषष्ठीला हा भाचा सहकुटुंब पैठणास आला. बरोबर भाचेसून, दोन मुलें आणि आमच्या वडील भगिनी. आदल्याच आठवड्यांत ही सर्व मंडळी समृद्धि महामार्गानें नागपुरास जाऊन आली होती. त्या मार्गावर मोटारींस ताशीं १२० किलोमीटरची मर्यादा आहे. आमचा भाचा मर्यादा पाळणारा आहे, म्हणजे ती पुरेपूर वापरणारा आहे. पैठणांत पुढच्या उजव्या चाकांत खिळा शिरला म्हणून चाक उतरवावें लागलें. पंक्चरवाल्यानें तें आडवें टाकलें, क्षणभर पाहिलें आणि आम्हांस हांक मारली, “गुरुजी, हे बघा. आतून तारा निघाल्यात.”

आम्हीं पाहिलें. टायरच्या बाहेरच्या कडेला पांच मिलिमीटर नक्षी शिल्लक होती, मधोमध चार. आंतल्या कडेला मात्र दोन बोटें रुंदीची पट्टी गुळगुळीत होऊन तिच्यांतून पोलादाचे बारीक तंतु डोकावत होते. दुसरें चाक उतरविलें, तर त्याचीही तीच गत. टायर जेमतेम चौदा हजार किलोमीटर चाललेले. बाहेरून पाहणाऱ्यास ते जवळजवळ नवे वाटले असते, आणि भाच्याला तसेच ते वाटत होते. कारण चाक सरळ असतां त्याची आंतली कड पाहावयाची तर जमिनीवर निजावें लागतें. आमच्या भगिनींनीं तें चाक पाहिलें तेव्हां त्या कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं नातवंडांस जवळ घेतलें.

भाच्याचें निदान तयार होतें. “मामा, हा कॅम्बरचा परिणाम. गाडी खाली बसवली की एवढं होणारच. हौसेला मोल असतं.” आम्हांस हें पटलें नाहीं, आणि त्याचें कारण वाचकांस समजावें म्हणून दोन शब्दांचा खुलासा करणें अवश्य आहे.

कॅम्बर म्हणजे चाकाचा उभा कल. गाडीसमोर उभें राहून पाहिलें असतां चाकाचा माथा आंत कललेला आहे कीं बाहेर, हें तो सांगतो. कबड्डीचा खेळाडू पाय फांकवून उभा राहतो तेव्हां त्याचे पाय खालीं बाहेर आणि वर आंत असे तिरपे होतात. शर्यतीच्या गाडीचीं चाकें मुद्दाम तशीं ठेवतात. वळणावर गाडीचें धड बाहेरच्या अंगाला झुकतें आणि त्या बाजूच्या चाकाचा माथाही बाहेर ढकललें जाऊं पाहतो. चाक आधींच थोडें आंत कललेलें असलें, तर ऐन वळणांत तें सपाट बसतें आणि तळहात पुरता टेकतो. घरगुती गाडीला हा आंतला कल अर्धा ते एक अंश पुरतो. शर्यतीच्या मैदानावर तो दोन-तीन अंशांपर्यंत नेतात. मात्र मैदान वळणांनीं भरलेलें असतें, तर आमचे रस्ते मैलोगणती सरळ. सरळ रस्त्यावर कललेल्या चाकाचा भार आंतल्या कडेवर अधिक पडतो आणि ती थोडी आधीं झिजते. येथवर भाच्याचें म्हणणें बरोबर होतें.

पण भार पडणें निराळें आणि फरफटणें निराळें. ज्यांच्या घरीं देवपूजा आहे त्यांस हें सांगावयास नको. सहाणेवर चंदनाचें खोड कितीही दाबून धरलें तरी गंध निघत नाहीं. तें फिरवावें तेव्हांच उगाळलें जातें. कॅम्बर हा नुसता दाब आहे. उगाळणारा दुसराच असतो आणि त्याचें नांव ‘टो’. चाकांकडे वरून पाहिलें असतां त्यांचीं तोंडें पुढच्या बाजूस एकमेकांकडे वळलेलीं आहेत कीं एकमेकांपासून फांकलेलीं, हें टो सांगतो. माणसानें दोन्ही चवडे बाहेर फांकून सरळ चालावें तसा हा प्रकार. चाकाचें तोंड एकीकडे आणि गाडीचा रोख दुसरीकडे. मग चाक फिरतें तर खरें, पण फिरतां फिरतां आडवें ओढलेंही जातें. तोंडें फांकलेलीं असलीं तर झीज आंतल्या कडेला होते, आंत वळलेलीं असलीं तर बाहेरच्या. गाडी खालीं बसविली म्हणजे कॅम्बर बदलतो हें सर्व हौशी लोकांस ठाऊक असतें. पण चाक धरून ठेवणारा दांडा आणि त्याला वळविणारा दांडा हे आपापल्या निरनिराळ्या कंसांत फिरतात, त्यामुळें त्याच वेळीं टोही बदलतो, हें पुष्कळांच्या ध्यानीं येत नाहीं.

येथें थोडें विषयांतर. संस्कृतांत चाकाच्या प्रत्येक अवयवाला नांव आहे: नाभि, अर, नेमि, अक्ष. आमच्या सुतारांनींही तुंबा, आरे, पुठे, धाव हे शब्द जतन केले. पण टो या गुणाला दोन्हीकडे शब्द नाहीं, कारण बैलगाडीला त्याची गरजच नव्हती. तिच्या दोन्ही चाकांमध्यें एकच सरळ कणा. तो वांकला नाहीं तोंवर चाकांचीं तोंडें फांकणार कशीं? मोटारीचें पुढचें प्रत्येक चाक मात्र स्वतंत्र वळतें, आणि स्वातंत्र्य आलें म्हणजे मतभेदही आले.

भाच्याची आणि आमची पैज लागली नाहीं, कारण आम्ही पैज लावीत नाहीं. परंतु मापून पाहावें यावर आमचें एकमत झालें. वाड्याच्या चौकांत सपाट फरशी आहे. पंक्चरवाल्यानें तात्पुरते जुने पण धड टायर चढवून दिले, आणि गाडी चौकांत आणली. पैठण हें विणकरांचें गांव; ताण्याचा धागा कसा ताणावा हें येथें कोणालाही विचारावें. आम्हीं नायलॉनचा पक्का दोरा घेऊन गाडीच्या दोन्ही अंगांस चाकांच्या मध्याच्या उंचीवर ताणून बांधला. दोन्ही दोरे परस्परांस आणि गाडीच्या मध्यरेषेस समांतर असावे लागतात. तेवढें साधण्यास अर्धा तास गेला. सुकाणूचें चक्र सरळ करून बांधून ठेवलें. मग पुढच्या चाकाच्या रिमची पुढली कड दोऱ्यापासून किती दूर आणि मागली कड किती दूर, हें पोलादी पट्टीनें मोजलें. रिम वांकलेली असल्यास फसगत होऊं नये म्हणून गाडी पुढें ढकलून, चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हां मोजलें. शर्यतीच्या गाड्यांचे कारागीरही दोऱ्याची ही रीत वापरतात. तींत गूढ कांहीं नाहीं, धीर मात्र हवा.

दोन्ही चाकांची पुढली कड मागलीपेक्षां दोन-दोन मिलिमीटर दोऱ्याजवळ निघाली. म्हणजे तोंडें फांकलेलीं होतीं. “दोनच मिलिमीटर?” असें भाचा म्हणाला. आम्हीं त्याला पाटी दिली. रिमच्या दोन कडांमधील अंतर ४३० मिलिमीटर. ४३० मध्यें २, तर एका किलोमीटरांत किती? त्रैराशिक सातव्या इयत्तेचें आहे; उत्तर साडेचार मीटरांहून थोडें अधिक. पैठणाहून शहर सुमारें पन्नास किलोमीटर. तेवढ्या वाटेंत प्रत्येक पुढचें चाक आपल्या रोखानें मोकळें गेलें असतें, तर सव्वादोनशें मीटर बाजूला गेलें असतें. दोन्ही चाकें विरुद्ध दिशांना ओढतात म्हणून गाडी सरळ धांवते आणि चालविणाऱ्याला कांहीं जाणवत नाहीं. रबर लवचीक असल्यानें तें हें सगळें अंतर घासत जातें असेंही नाहीं. परंतु ही ओढाताण प्रत्येक फेऱ्याला चालूच राहते, आणि ती कोठें तरी चुकती करावीच लागते. कॅम्बरनें भार आंतल्या कडेवर टाकला होता आणि टोनें तीच कड उगाळली. दोघांनीं मिळून चौदा हजार किलोमीटरांत टायर संपविला.

पुढें शहरांतील यंत्रावर गाडी नेली. यंत्राचा आणि आमच्या दोऱ्याचा निकाल जवळजवळ एकच आला. कॅम्बर दोन अंशांना थोडा कमी भरला. कारागीर समजूतदार होता. त्यानें आधीं सांधे आणि रबरी बुशा हलवून पाहिल्या, एक ढिला झालेला सांधा बदलला, आणि नंतरच चाकांना हात लावला. ढिल्या सांध्यांवर अलाइनमेंट करणें म्हणजे खचलेल्या भिंतीला गिलावा करणें होय. क्रमही ध्यानांत ठेवण्याजोगा आहे: आधीं मागचीं चाकें, मग पुढचा कॅम्बर, आणि टो सर्वांत शेवटीं, कारण कॅम्बर हलविला कीं टोही हलतो. भाच्याच्या आग्रहाखातर कॅम्बर तसाच ठेवून टो शून्याजवळ आणला. नव्या टायरांवर आठ हजार किलोमीटर झाल्यावर आम्हीं पुन्हां मोजलें: आंतल्या व बाहेरच्या कडेंत एक मिलिमीटरहि अंतर नव्हतें. हौस सर्वस्वी निर्दोष ठरली असें नाहीं, कारण आंतली कड थोडी मागें आहेच. परंतु तिच्यावर जो मोठा आरोप होता तो टिकला नाहीं.

जातां जातां एक तक्रार. गाडीच्या कागदपत्रांत पहिल्या मालकानें अलाइनमेंट करून घेतल्याची एका दुकानाची पावती निघाली. तिच्यावर रक्कम होती, तारीख होती, आंकडा एकही नव्हता. यंत्र जें मापतें तें छापूनही देतें. काम करण्यापूर्वींचें माप आणि नंतरचें माप दोन्ही मागून घ्यावें. वैद्यानें नाडी पाहून पैसे घेतले आणि ज्वर किती होता हें सांगितलें नाहीं, तर आपण तें चालवून घेतों काय?

आमच्या वाचकांपैकीं फार थोड्यांच्या दारीं शर्यतीच्या वळणाची गाडी असेल. म्हणून हें प्रकरण परक्याचें समजूं नये. साध्या गाडीचा टो बिघडण्यास आंखूड स्प्रिंगा लागत नाहींत. पावसाळ्यांतला एक चांगला खोल खड्डा किंवा अंधारांत न दिसलेला गतिरोधक पुरतो. सुकाणू सरळ धरूनही गाडी एका अंगाला ओढूं लागली, किंवा गाडी सरळ असतां सुकाणूचें चक्र तिरपें दिसूं लागलें, तर कांहीं तरी हललें आहे असें समजावें. मात्र दोन्ही चाकें सारखींच फांकलीं असतील, जशीं भाच्याचीं होतीं, तर यांपैकीं एकही खूण मिळत नाहीं. तेथें हातच उपयोगी पडतो. उभ्या गाडीचें सुकाणू पूर्ण वळवावें, म्हणजे चाकाची आंतली कड बाहेर येते. मग टायर गार असतां त्याच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवावा, एकदां आंत आणि एकदां बाहेर. मांजराच्या अंगावरून उलटा हात फिरविल्यासारखें एका दिशेला मऊ आणि दुसऱ्या दिशेला खरखरीत लागलें, तर टो बिघडला आहे. दोन्ही कडा झिजून मध्य शाबूत असेल, तर हवा कमी. मध्य झिजून कडा शाबूत, तर हवा जास्त. ठराविक वेगाला चक्र थरथरतें तो दोष मात्र अलाइनमेंटचा नसून बहुधा तोलाचा असतो, आणि रिमला शिशाचे तुकडे लावून तो काढतात. दुकानांत हीं दोन्हीं कामें एका दमांत उच्चारलीं जातात म्हणून लोक तीं एकच समजतात.

नक्षीच्या खांचांत जागोजागीं बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली असें जाणावें. कायद्याची मर्यादाही तीच. परंतु त्या उंचवट्यांवर विसंबून भाच्याचा टायर उत्तम ठरला असता, कारण पाहणाऱ्यानें ते बाहेरच्या बाजूचे पाहिले असते. समृद्धि मार्गाच्या प्रवेशापाशीं परिवहन विभागानें २०२३ सालीं टायर तपासण्यास आरंभ केला आणि गुळगुळीत टायरांच्या गाड्या परत फिरविल्या, ही गोष्ट आम्हांस योग्य वाटते. त्याचबरोबर प्रत्येक अपघाताचें खापर टायरवर फोडण्याची घाईही बरी नव्हे. १ जुलै २०२३ रोजीं सिंदखेड राजाजवळ खासगी बस पेटून पंचवीस प्रवासी दगावले. टायर फुटला असें चालकानें सांगितलें होतें, पण परिवहन विभागाच्या तपासणींत तसा पुरावा आढळला नाहीं. निर्जीव वस्तूस उलट साक्ष देतां येत नाहीं, म्हणून तिच्यावर आरोप करणें सोपें असतें.

टायरच्या अंगावर जें लिहिलेलें असतें तें मुलांकडून एकदां वाचवून घ्यावें. गणिताचा पाठ आपोआप होतो. २०५/५५ आर १६ याचा अर्थ रुंदी २०५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्या रुंदीच्या शेंकडा ५५, आणि रिमचा व्यास १६ इंच. यावरून टायरचा एकूण व्यास काढावयास सांगावें. ६३२ मिलिमीटरांच्या आसपास उत्तर आलें तर बरोबर. शेजारीं चार आंकडे निराळे कोरलेले असतात. २३१९ असे असतील, तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तो टायर तयार झाला. नक्षी भरपूर असूनही रबर जुनें होऊन तडकतें, म्हणून नवा टायर घेतांना हे आंकडे पाहिल्यावांचून पैसे मोजूं नयेत. नायट्रोजन भरण्याचा आग्रह हल्लीं सर्वत्र होतो. साध्या हवेंत तो शेंकडा ७८ असतोच, तेव्हां उरलेल्यासाठीं किती द्यावें हें ज्याचें त्यानें ठरवावें. हवा कोणतीही असो, ती गार टायरांत आणि दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आंकड्याप्रमाणें असावी.

राहिली स्टेपनी. हा शब्द आमच्या भाषेंत इतका रुळला आहे कीं, तो मूळचा गांवठीच वाटावा. परंतु वेल्स देशांत लानेथ्ली नांवाच्या गांवीं स्टेपनी नांवाचा रस्ता आहे, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं त्या रस्त्यावरील दुकानांत जादा चाकें तयार होत, त्यांवरून हें नांव पडलें. भाच्याच्या गाडीची स्टेपनी त्या दिवशीं बाहेर काढली तेव्हां तिच्या टायरवर एकही किलोमीटर पडला नसावा अशी नक्षी होती, तिच्या अंगावरची तारीख सतरा वर्षांपूर्वींची होती, आणि हवा मुळींच नव्हती.